रिकामा दिवस नको

पुणे, रविवार, १० ऑगस्ट २०२५

जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कंपनीचा करार सही करून पाठवला. रुजू होण्याची तारीख १ नोव्हेंबर. घर, शाळा, सामान आणि बँक यांच्या याद्या नवऱ्याने भिंतीवर लावल्या आहेत. विम्याचं काम मी माझ्याकडे घेतलं आणि त्यासाठी तारखांचा तक्ता आखला. माणशी एक ओळ: मी, नवरा, थोरली, धाकटा, आई, बाबा. पुढच्या रकान्यांत ऑक्टोबर ते डिसेंबरचे आठवडे. प्रत्येक चौकोनापुढे प्रश्न एकच: या आठवड्यात हे माणूस आजारी पडलं, तर दवाखान्याचं बिल कोण भरणार?

परदेशी राहायला जाणाऱ्याला 'पॉलिसी कुठली घेतलीस' एवढंच विचारून भागत नाही. त्याची एक पॉलिसी संपत असते, दुसरी सुरू व्हायची असते आणि तिसरी दुसऱ्याच देशाच्या कायद्याने चालते. धोका बहुतेक वेळा या तिघींच्या सांध्यात असतो. सांध्यातला एकही दिवस रिकामा राहू द्यायचा नाही, हे आज ठरवलं.

पुणे, रविवार, १७ ऑगस्ट

आमच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी नोकरीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे १० ऑक्टोबरला संपेल. आम्हा चौघांची स्वतःची फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, पॉलिसी २०१९ पासून आहे, त्यामुळे ११ ऑक्टोबरपासून विमानात बसेपर्यंतचे दिवस तिच्यावर निघतील. आईबाबांचं मात्र तसं नाही. त्यांची नावं फक्त माझ्या सामूहिक पॉलिसीत आहेत. आईची साखर, तिचा रक्तदाब, मागच्या वर्षीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्यातच बसलं. माझी नोकरी संपली की सांगलीतली ही दोन माणसं त्याच दिवशी विम्याबाहेर पडतात. परदेशी जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी हे असंच होत असणार, आणि निरोपाच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानात येत नसणार.

फ्लोटर चालू ठेवायची की सोडायची, यावर आज बराच वेळ बोललो. ती भारतातल्याच उपचारांना लागू होते, मग बाहेर राहून हप्ता का भरायचा, असं नवऱ्याचं म्हणणं. पण सोडली आणि काही वर्षांनी परत आलो, तर सगळं पहिल्यापासून सुरू होणार. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनीला ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा काळ लावता येतो. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही माहिती दडवली' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. आमचे ६० महिने भरलेले आहेत. चाळिशीच्या उंबरठ्यावर हे कमावलेलं संरक्षण टाकून द्यायचं नाही, असं ठरलं. परदेशी राहायला जात असल्याचं विमा कंपनीला लेखी कळवायचं आणि पॉलिसी चालू ठेवायची.

सांगली, शनिवार, ३० ऑगस्ट

गणपतीसाठी आलो. आरतीनंतर बाबांच्या आधार कार्डावरून आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न घालता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारी ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. बाबा ७२ वर्षांचे आहेत. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात सगळी नोकरी गेली, पण निवृत्तीनंतर वैद्यकीय खर्चाची काही सोय नव्हती. "सरकारी कार्डावर आपल्याला कोण विचारणार?" असं म्हणत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही यादीतलं हॉस्पिटल तेवढं आधी हेरून ठेवा." मिरज इथून हाकेच्या अंतरावर. वॉनलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून सांगली, कोल्हापूरच नव्हे तर कर्नाटकातलीही माणसं उपचाराला मिरजेत येतात. योजनेत कुठली इस्पितळं आहेत, त्यांतल्या कुठे हृदयाचं होतं आणि कुठे हाडांचं, हे उद्या प्रत्यक्ष जाऊन विचारून यायचं बाबांनी कबूल केलं.

आई ६६ वर्षांची, तिला हे कार्ड मिळायला अजून चार वर्षं आहेत. तिच्यासाठी ओळखीतून एक विमा एजंट घरी आला. अर्ज भरताना मधुमेहाच्या रकान्यापाशी थांबून म्हणाला, "ताई, इथे 'नाही' लिहू. उगाच हप्ता वाढतो, कधीकधी अर्जच फेटाळतात. नंतर मी बघून घेईन."

आईने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं गोळ्या घेणारी बाई. तिची प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत तारखेवार लावलेला. मी एजंटला सांगितलं की असा अर्ज आम्ही भरणार नाही. तो गेल्यावर आई म्हणाली, "बरं केलंस गं. मी हॉस्पिटलात पडले असते, आणि तुझ्या बाबांना तिथे खोटं बोलावं लागलं असतं."

खोट्या अर्जावर मिळालेली पॉलिसी म्हणजे हप्ता भरून विकत घेतलेली भीती. दाव्याच्या वेळी विमा कंपनी जुने कागद मागते, आणि साखर किती वर्षांपासून आहे हे त्या कागदांतच लिहिलेलं असतं. 'नंतर बघून घेईन' म्हणणारा तेव्हा बिलाच्या खिडकीपाशी उभा नसतो.

पुणे, शुक्रवार, ५ सप्टेंबर

आईसाठी वाट सापडली. सामूहिक पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची तरतूद नियमांत आहे आणि आधी सरलेला प्रतीक्षा काळ जमेस धरला जातो. मंजुरी कंपनीच्या तपासणीवर अवलंबून असते, म्हणून अर्ज पॉलिसी संपायच्या आधीच करायचा. आज आईचा अर्ज पाठवला: मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, गोळ्यांची नावं, सगळं लिहून. बाबांचाही सोबत जोडला. वय वंदना कार्ड असलं तरी खासगी पॉलिसीही ठेवता येते. पूर्वी पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळवणं अवघड असे. विमा नियामकाने २०२४ मध्ये ती वयाची अट काढून टाकली, म्हणून हे जमतंय.

परवा जीएसटी परिषदेने वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबरपासून शून्य केला. आईबाबांच्या वयाला हप्ता इतका चढा असतो की ही सूट खरोखर जाणवेल. वैद्यकीय तपासणीला दोनतीन आठवडे जातीलच, तेव्हा पॉलिसी निघेपर्यंत नवा नियम लागू झालेला असेल. १० ऑक्टोबरपर्यंत जुनी चालू आहे, त्यामुळे या वाट पाहण्यात धोका नाही.

पुणे, शनिवार, ६ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा महिनाअखेर जर्मनीतच आखेनला मास्टर्ससाठी निघालाय. संध्याकाळी कागद घेऊन आला. कुणीतरी त्याला महिना ३०-३५ युरोंची खासगी विद्यार्थी पॉलिसी दाखवली होती. तिथल्या सरकारमान्य विमा निधीची विद्यार्थ्यांसाठीची वर्गणी महिना १४० युरोंच्या पुढे जाते. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून त्याला महिन्याला ९९२ युरो मिळणार, त्यांतले १४० विम्याला जाणं त्याला फार वाटत होतं, आणि ते साहजिक आहे.

त्याला दोन गोष्टी सांगितल्या. स्वस्त पॉलिसीत आधीचे आजार, मानसोपचार, लांबलेले उपचार यांवर मर्यादा असतात आणि हे सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. विद्यापीठात नाव घालताना खासगी विम्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतली, की शिक्षण संपेपर्यंत त्याच विद्यार्थी सवलतीत परत येता येत नाही. ती सही मागे घेता येत नाही. शिवाय त्याला मार्चमध्ये तिसावं लागतंय. सवलतीचा दर तिशी पुरी होणाऱ्या सेमिस्टरपर्यंतच. पुढे तोच विमा ऐच्छिक सभासद म्हणून चालू ठेवता येतो, पण वर्गणी बरीच वाढते. हे आकडे घरी बसून आत्ताच मांड, असं सांगून त्याला पाठवलं.

पुणे, शनिवार, १३ सप्टेंबर

व्हिसाचे कागद लावले. जर्मनीत नोकरी सुरू झाली की तिथला विमा त्या दिवसापासून आपोआप लागू होतो. पण उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतचा काळ आपला आपण झाकायचा. आम्ही २७ ऑक्टोबरला उतरतो, करार १ नोव्हेंबरचा. मधल्या दिवसांसाठी चौघांची प्रवास पॉलिसी: किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारी, गरज पडल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारी. मुदत मुद्दाम नोव्हेंबरअखेरपर्यंत घेतली. विमान चुकलं, व्हिसा उशिरा आला, रुजू व्हायची तारीख पुढे गेली, तर सांधा उघडा पडायला नको. जास्तीच्या आठवड्यांचे पैसे फार पडत नाहीत.

पॉलिसीचं शेवटचं पान नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं. अचानक आलेला आजार आणि अपघात यांसाठी ती आहे. जुन्या आजाराची नेहमीची तपासणी, चष्मा, दातांची नियमित कामं तीत बसत नाहीत. म्हणून ती सगळी कामं निघण्याआधी इथे उरकायची.

पुणे, रविवार, २१ सप्टेंबर

आजचा दिवस जर्मन पद्धत समजून घेण्यात गेला. ती कळली की मगच आपण काय निवडतोय हे कळतं.

१८८३ साली बिस्मार्कच्या काळात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. जगातली अशा तऱ्हेची ही पहिली देशव्यापी व्यवस्था. पैसे कामगार आणि मालक दोघांनी भरायचे आणि विमा निधीचा कारभार त्यांच्या प्रतिनिधींनी पाहायचा, हे तेव्हा ठरलेलं सूत्र आजही टिकून आहे. आज तिथल्या दहातल्या जवळजवळ नऊ लोकांचा विमा अशा सरकारमान्य निधींत असतो. त्यांना क्रांकनकासे म्हणतात. सगळे मिळून शंभराच्या आत आहेत. एओके, टेक्निकर, बार्मर ही त्यांतली मोठी नावं. बहुतेक सगळ्या सेवा कायद्यानेच ठरलेल्या, त्यामुळे सगळीकडे सारख्या. फरक असतो तो जादा वर्गणीत, इंग्रजीतून मदत मिळण्यात आणि काही वाढीव सोयींत.

वर्गणी पगारावर: मूळ १४.६ टक्के आणि वर निधीगणिक बदलणारी जादा वर्गणी, या वर्षी सरासरी २.५ टक्के. दोन्हींचा निम्मा भाग कंपनी भरते. यंदा महिना ५,५१२ युरो ५० सेंटपर्यंतचाच पगार हिशेबात धरतात, त्यापुढच्यावर वर्गणी नाही. नवरा, बायको किंवा मुलं, ज्यांना स्वतःची कमाई नाही किंवा यंदाच्या मर्यादेप्रमाणे महिना ५३५ युरोंच्या आत आहे, ती त्याच वर्गणीत मोफत. वय विचारत नाहीत, साखर विचारत नाहीत, प्रतीक्षा काळ नाही.

गेले कित्येक आठवडे मी सांगलीच्या अर्जावरचे रकाने भरत होते, आणि तिथे जर्मनीत ते रकानेच नाहीत. आपल्याकडे हप्ता वय आणि आजार बघून वाढतो, म्हणजे गरज जास्त त्याला भुर्दंड जास्त. तिथली पद्धत गावच्या उत्सवाच्या वर्गणीसारखी आहे: ज्याची जशी ऐपत तसं त्याने द्यावं, पंगतीला मात्र सगळ्यांनी बसावं. आपल्याकडेही ही समज आहे. आजारपणापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

पुणे, रविवार, २८ सप्टेंबर

एका जुन्या सहकाऱ्याचा म्युनिकहून फोन आला. त्याचा पगार वर्षाला ७३,८०० युरोंच्या वर आहे. या वर्षी ती सीमा ओलांडणाऱ्या नोकरदाराला सरकारमान्य निधी सोडून खासगी विमा घेता येतो. दलालाने त्याला तरुण वयाचा स्वस्त हप्ता आणि लवकर मिळणाऱ्या भेटी दाखवल्या. त्याचं पुढच्या वर्षी लग्न आहे. खासगीत प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता: बायकोचा एक, प्रत्येक मुलाचा एक. वय वाढेल तसा तो चढतो, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर सरकारमान्य निधीत परतायची वाट जवळजवळ बंद होते. एकट्या, तब्येतीने धडधाकट आणि भरपूर कमावणाऱ्या माणसाला ते परवडेलही. संसार उभा करायचा असेल, तर आजचा हप्ता बघून पुढच्या तीस वर्षांचा निर्णय घेऊ नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

पुणे, शनिवार, ४ ऑक्टोबर

निघण्याआधीची वैद्यकीय कामं संपत आली. दोन्ही मुलांची लसीकरणाची पुस्तकं डॉक्टरांकडून नीट भरून, शिक्के मारून घेतली. जर्मनीत मार्च २०२० पासून शाळा आणि बालवाडीत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. धाकट्याच्या एका डोसची नुसती खूण होती, तारीख नव्हती; बालरोगतज्ज्ञांच्या जुन्या नोंदींतून ती शोधून लिहून घेतली.

नवऱ्याच्या दोन दाढा भरल्या, माझे दोन चष्मे केले. तिथल्या सरकारमान्य विम्यात प्रौढांच्या चष्म्याचा खर्च सहसा बसत नाही आणि दातांच्या कॅपसाठी ठरावीक रक्कमच मिळते. थायरॉइडच्या गोळ्या काही महिन्यांच्या घेतल्या, सोबत डॉक्टरांचं पत्र. पत्रात गोळीच्या ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहायला सांगितली. आपल्याकडचा ब्रँड तिथल्या औषध दुकानदाराला ओळखीचा असेलच असं नाही, औषधाचं नाव सगळीकडे तेच.

आईबाबांच्या पॉलिसी हातात आल्या. कर शून्य. आईचा हप्ता मधुमेहामुळे थोडा वाढलाय, पण अर्जातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि सरलेला प्रतीक्षा काळ जमेस धरलाय. सुरुवात १० ऑक्टोबर, म्हणजे जुनी संपते त्याच दिवशी.

स्टुटगार्ट, बुधवार, २९ ऑक्टोबर

सोमवारी उतरलो. हवेत ओला गारवा, द्राक्षांच्या उतारांवर पानं पिवळी पडलेली. आज पालिकेच्या कार्यालयात राहत्या पत्त्याची नोंद केली; घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. परतल्यावर पहिलं काम दारावरच्या टपालपेटीवर आमचं आडनाव चिकटवलं, कारण पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. विम्याचं कार्ड, नंबर, फॉर्म हे सगळं अजून टपालाने येतं, त्यामुळे या छोट्या चिठ्ठीवर बरंच काही टांगलेलं आहे.

स्टुटगार्ट, शुक्रवार, ७ नोव्हेंबर

करार १ नोव्हेंबरचा, त्या दिवशी शनिवार आणि इथला सणाचा सुट्टीचा दिवस. ऑफिसला सोमवारी गेले, पण सभासदत्व करारातल्या तारखेपासून धरलं आहे. निवडलेल्या निधीचं पत्र आलं, विमा क्रमांक मिळाला. कार्डासाठी सगळ्यांचे फोटो पाठवले. कार्ड यायला वेळ लागतो, तोवर विमा असल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घेतलं. ते दाखवून डॉक्टरकडे जाता येतं.

कुटुंबाचा फॉर्म मोठा आहे: विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याला सध्या उत्पन्न नाही याची नोंद. पुढे त्याने छोटं काम धरलं तर मिनीजॉबला ५३५ ऐवजी वेगळी मर्यादा आहे, यंदा ती महिना ५५६ युरो; तेवढ्यात तो माझ्याच विम्यात राहील. त्याहून जास्त कमावू लागला की त्याचा स्वतःचा विमा सुरू होईल.

स्टुटगार्ट, गुरुवार, २० नोव्हेंबर

रात्री धाकट्याला १०३ ताप. दवाखाने बंद असतानाच्या वेळेसाठी ११६११७ हा क्रमांक आहे, जीवावरचं संकट असेल तर ११२. पलीकडच्या बाईंनी शांतपणे श्वास, पाणी, पुरळ यांची चौकशी केली आणि मुलांच्या तातडीच्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे तात्पुरतं प्रमाणपत्र दाखवलं. तपासलं, कानात जंतुसंसर्ग निघाला, औषध लिहून दिलं. अठरा वर्षांखालच्यांना औषधावरचा हिस्सा माफ. मोठ्यांना किमतीच्या १० टक्के, पण एका औषधामागे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो भरावे लागतात. कुठेही अनामत मागितली नाही.

सकाळी ऑफिसला कळवलं. आजारी लेकरासाठी यंदा प्रत्येक पालकाला मुलामागे १५ दिवस घरी राहता येतं आणि त्या दिवसांचा बुडालेला बराचसा पगार निधी देतो. ही सोय ऐकून सांगलीच्या साखर कारखान्याबाहेरच्या ऊसतोड बायका आठवल्या. पोर तापलेलं असलं तरी कोयता हातातून सुटत नाही त्यांच्या, कारण सुटला तर त्या दिवसाची मजुरी जाते. आजारपणाचा विमा म्हणजे नुसतं हॉस्पिटलचं बिल नाही. बुडालेली मजुरी भरून मिळणं हाही त्याचाच भाग, आणि गरिबाला तोच आधी लागतो.

स्टुटगार्ट, रविवार, ३० नोव्हेंबर

पहिली पगारपट्टी आली. महिना ५,००० युरो पगाराचा नमुना घेऊन नवऱ्याला हिशेब मांडून दाखवला. आजारपणाच्या विम्याचा कामगाराचा हिस्सा ८.५५ टक्के, म्हणजे ४२७ युरो ५० सेंट. त्याबरोबर वृद्धापकाळच्या शुश्रूषेचा विमा, जो १९९५ पासून इथे सक्तीचा आहे. दोन मुलं असलेल्याला तो १.५५ टक्के, म्हणजे ७७ युरो ५० सेंट. एकूण ५०५ युरो. एवढ्यात चार माणसं झाकली जातात. जानेवारीपासून जादा वर्गणीची सरासरी २.९ टक्क्यांवर जाते आहे, तेव्हा कपात वाढेल. आपल्या निधीने वाढ केली तर तो सोडून दुसऱ्यात जाण्याचा खास हक्क मिळतो.

आकडा मोठा आहे, आणि ऑफिसातले जर्मन सहकारीही त्यावर कुरकुरतात. डॉक्टरांच्या तारखा मिळायला आठवडे लागतात, ही तक्रारही खरी. तरीही मी हे पैसे आनंदाने भरते. यंदा माझ्या वर्गणीतून कुणा अनोळखी माणसाचं डायलिसिस झालं असेल, आणि माझ्या धाकट्याच्या कानाचं औषध कुणाच्या तरी वर्गणीतून आलं.

स्टुटगार्ट, रविवार, ७ डिसेंबर

आईबाबा उन्हाळ्यात यायचं म्हणतायत. माझ्या विम्यात त्यांना घेता येत नाही. कुटुंब म्हणजे जोडीदार आणि मुलं, एवढंच. ९० दिवसांच्या व्हिसासाठी त्यांना प्रवास पॉलिसी घ्यावी लागेल, आणि बहुतेक पॉलिसींत आईच्या मधुमेहाचा नेहमीचा खर्च धरत नाहीत. निघण्याआधी तिने साखरेची, डोळ्यांची, मूत्रपिंडाची तपासणी मिरजेत करून यायचं आणि गोळ्या पुरेशा आणायच्या, असं फोनवर ठरलं. "तुझ्या गावची डॉक्टरीण मला नकोच, माझा मिरजेचा डॉक्टर बरा आहे," म्हणाली. बाबांनी हॉस्पिटलांची यादी तयार करून फ्रिजवर लावली आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि स्टुटगार्ट ही ज्याची राजधानी आहे ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. नर्स, वीजतंत्री, चालक अशी कामं शिकलेली मराठी मुलं इथे यावीत, हा त्याचा हेतू. त्यांना आणि निघण्याच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. इथे कामावर लागल्यावर तुमचा विमा कायद्याने होईल. त्याची फार काळजी करू नका. राजीनामा देण्याआधी मात्र एकदा पाहा, की तुमच्या सामूहिक पॉलिसीत आईवडिलांची नावं आहेत का. असतील तर ती संपायच्या आत त्यांची स्वतःची पॉलिसी उभी करा, त्यांचे सगळे आजार खरे खरे लिहा, सत्तरीच्या पुढे असतील तर वय वंदना कार्ड काढा, आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल ते मानतं हे विचारून ठेवा. हे काम परदेशातून फोनवर होत नाही. ते तिकीट काढायच्या आधीच करा.